काशिनाथ, तुझ्या गाण्यातला हंडा

काशिनाथ,

तुझे दिवस घातले तेव्हा रमणने अंगणात तुझं गाणं लावलं. मी नको म्हटलं होतं. तरी तो वेवजीहून टेम्पोत स्पीकरची खोकी घालून आला आणि आंब्याखाली उभी केली. "बाबा, काशीभाईचं कार्य आहे आणि त्याचंच गाणं नाही, लोक काय बोलतील," असं मलाच सांगायला लागला. तुझ्यासोबत इतकी वर्षं कीबोर्ड वाजवला, तर त्याला वाटतं आपण घरातलेच झालो. मी बोललो, लावतोस तर लाव, पण आवाज कमी ठेव. त्याने ठेवला. तुझं गाणं मी पहिल्यांदा कमी आवाजात ऐकलं, आणि त्यानेच सगळा घोटाळा झाला.

तो घोटाळाच तुला सांगायचा आहे. बाकीचं सगळं तलासरीच्या नाक्यावर बॅनरवर छापलंय. बॅनरवर तू काळा चष्मा लावून हसतोयस. खाली शोकाकुल म्हणून नावं आहेत, त्यात सगळ्यात वर माझं. देवजी, मोठा भाऊ. मला कुणी विचारलं नाही, शोकाकुल आहेस का म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आधी रागात आहे, शोकाचं नंतर बघू.

चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, जोडाक्षर आलं की हात अडतो. पण भांडण अर्धं ठेवून गेलास तू. पुरं तर करायला पाहिजे.

आई गेली तेव्हा तू कुडाला धरून उभा राहायला शिकत होतास. त्याच साली जमनी माझ्याशी लग्न होऊन आपल्या घरी आली. हळद अंगाची गेली नव्हती तर तुझा शेंबूड पुसायला लागली. लावणीला तुला पाठीला बांधून न्यायची. बाया विचारायच्या, अगं, पोर कुणाचं? ती बोलायची, माझंच, नवऱ्याच्या आधी पदरात पडलं. मोठा झालास, बेंजो पार्टीत शिरलास, रात्र रात्र बाहेर राहायला लागलास, तेव्हा मी दाराला कडी लावायचो. ती उठून काढून ठेवायची. उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या आणि ताटाखाली नाचणीची भाकरी. सकाळी ताट रिकामं आणि तू घोरत. मी शिव्या घालायचो, ती म्हणायची, झोपू दे, राजा दमून आलाय.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी परत लिहितो, कारण ती गेली त्या दिवशी तू आला नाहीस.

लग्नसराई होती. मी फोन लावला तर मागून बेंजोचा आवाज. उंबरगावच्या पलीकडे कुठेतरी होतास. "दादा, सुपारी घेतलीय. वरात दारात आलीय. आता सोडून कसा येऊ?" मी बोललो, इथे पण वरातच आहे, चार जणांच्या खांद्यावरची. फोन चालूच राहिला आणि त्यातून ढोल वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी आलास, डोळ्यावर हाच चष्मा. अंगणात बसलास, चहा प्यालास, चष्मा काढला नाहीस. चष्म्याआड काय होतं ते मला दिसलं नाही. तू दाखवलं नाहीस.

मग पुढच्या सराईला हे गाणं आलं.

मी पहिल्यांदा चारोटीला ऐकलं. डहाणूच्या वाडीतून चिकू उतरवून परत येत होतो, नाक्यावरच्या हॉटेलात भजी खायला थांबलो. बाहेर डीजेचा टेम्पो उभा. त्यातून तुझा आवाज आला.

*उंबऱ्याशी पाणी ठेवलं, पिऊन जा, राजा,*
*गळका माझा हंडा, भरून दमले, राजा.*

एवढंच कडवं, पुन्हा पुन्हा. मध्ये हेय हेय आणि भोंगा. पोरं टेम्पोच्या मागे हात वर करून नाचत होती. पिऊन जा आलं की बाटल्या वर करत होती. माझ्या हातातलं भजं तसंच राहिलं. मला वाटलं, आला. काश्या तिच्या मयताला आला, उशिरा आला, पण आला.

मी त्या गाण्याचा अर्थ लावला, काशिनाथ, आणि तो असा लावला की कुठे फट राहिली नाही. उंबऱ्याशी पाणी कोण ठेवायचं? जमनी. राजा कुणाला म्हणायची? तुला. आणि गळका हंडा? तो कळायला मला दोन रात्री लागल्या. तिला दम्याचा त्रास होता. शेवटी शेवटी श्वास भरायची, भरायची, आणि छातीत राहायचा नाही. बसून असायची भिंतीला टेकून. गळका हंडा म्हणजे तिची छाती. भरून दमले. मला हे कळलं तेव्हा मी खळ्यात एकटाच उभा होतो आणि तुझ्यावरचा अर्धा राग तिथेच उतरला. माणूस तोंडाने बोलू शकत नाही ते गाण्यात घालतो, असं मी समजलो.

मग मी सगळ्यांना सांगत सुटलो. तलासरीच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, कोसबाडला बी आणायला गेलो तिथल्या साहेबाला सुद्धा. लोक मुद्दाम विचारायचे. "बाबा, ते काशीच्या गाण्याचं काय ते सांगा ना." मी सांगायचो. मागे हसत असतील, हसू दे. पण एखादा गप्प व्हायचा. चिकूवाल्या वाडीत एक ड्रायव्हर होता, त्याची आई दम्याने गेलेली. त्याने ते गाणं गाडीत लावायचं सोडलं. म्हणाला, आता नाचता येत नाही ह्याच्यावर. मला बरं वाटलं. गाण्याला एक तरी माणूस बरोबर ऐकणारा मिळाला.

आणि तू?

तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू शेंगदाणे खात होतास. ऐकून घेतलंस, आणि हसलास.

"दादा, ते पोरीचं गाणं आहे. पोरगी वाट बघते, पोरगा येत नाही. संपलं."

"पोरगी पोराला गळका हंडा कशाला दाखवेल?"

"यमक जुळवायला काहीतरी पाहिजे ना."

"यमक कुठे जुळलंय त्यात? दोन्हीकडे राजाच तर आहे."

"बघ, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं," असं बोलून तू परत हसलास.

ते हसू मला आवडायचं नाही. दरवेळी तेच. मी अर्थ सांगायचा आणि तू मान खाली घालून हसायचं, जसं काही मी भर बाजारात उलटा सदरा घालून फिरतोय आणि तू सांगत नाहीस. एकदा माझं डोकं फिरलं. मी बोललो, हे गाणं वहिनीवर आहे एवढं चार लोकांसमोर माइकवर बोल. एकदाच बोल. नाहीतर माझ्या अंगणात पाय ठेवू नको. तू म्हणालास, "तू मानतोस तो अर्थ खरा, दादा. मी कुठे नाही म्हणतोय?" मी बोललो, मला माझा अर्थ नको, तुझा पाहिजे. तू उठलास, चपला घातल्या, आणि फाटकाशी थांबून बोललास, "सांगेन कधीतरी. तू रागावणार नाहीस असा दिवस बघून सांगेन."

असा दिवस तू बघत राहिलास. मी रागावणं सोडलं नाही, आणि तू गेलास.

आता घोटाळ्याचं ऐक.

रमणने कमी आवाजात गाणं लावलं. पुरुष बाहेर बसले होते, बाया कुडाच्या कडेला. त्यात मंगळी होती. आता खूप वाकली आहे, पण तुला आठवत असेल, तिची आणि जमनीची जोडी. आपल्याकडे लग्न लावते ती धवलेरी, बाईच. जमनी धवलेरी होती आणि मंगळी तिच्या जोडीला गायची. आसपासच्या पाड्यांत ह्या दोघी उभ्या राहिल्याशिवाय अक्षता पडत नव्हत्या. तुझं कडवं संपलं, भोंगा सुरू झाला, आणि सोबत गुणगुणणारी मंगळी थांबलीच नाही. तोंडातल्या तोंडात पुढे म्हणत गेली. तुझ्या गाण्याला पुढे शब्दच नाहीत, आणि ही म्हणतेय.

*प्यालास तर प्यालास, मागं वळून बघ...*

आणि एकदम तोंडावर हात ठेवला. बाजूच्या दोन बाया खाली बघून हसल्या. मयताच्या घरी, तुझ्या दिवसांना, हसल्या.

मी उठून गेलो तिच्याकडे. "मंगळे, हे पुढचं कुठून आणलंस?"

"कुठून काय? लग्नातलं आहे. नवरा दारात येतो तेव्हा पाणी देताना म्हणतात."

"हे काशीचं गाणं आहे."

"हो? मग काशीच्या आधी आम्ही काय गुरं हाकत होतो मांडवात?" असं ती बोलली. "जमनीने बांधलेलं आहे ते. तिचंच. काश्याने उचललं आणि त्याला ढोल लावला."

मी बोललो, तसं असेल तर इतकी वर्षं हे गाणं वाजतंय, कुणी बोललं कसं नाही?

"सगळ्या बायांना ठाऊक आहे," ती बोलली. "तू कधी विचारलंस?"

मांडवात काय चालतं ते तुला ठाऊक आहे. बाया आत उभ्या राहून गातात. एक एक शब्द ओढत नेतात, शेतात औत ओढल्यासारखा, आणि पुरुषमाणूस बाहेर माडाखाली ताडी घेऊन बसतो. आतून आवाज येतो, शब्द येत नाहीत. आवाज थांबला की समजायचं, लग्न लागलं, आता जेवायचं. मी असाच बसलो. माझा बाप असाच बसला. बायांचं गाणं कान देऊन ऐकणारा पुरुष आपल्या पाड्यात झालाच नाही. एक तू झालास. लहान होतास तेव्हा जमनीच्या पदराला धरून आत असायचास, आणि पोर आहे म्हणून कुणी हाकललं नाही.

म्हणजे ते गाणं तिच्यावर नव्हतंच. तिचंच होतं. आणि तू माझ्यासमोर शेंगदाणे खात बसलास.

मी मंगळीला माझा अर्थ सांगितला. हट्टाने सांगितला. म्हटलं, ते असू दे, पण राजा म्हणजे काश्याच ना?

"लग्नात नवऱ्याला राजाच म्हणतात. तुला पण म्हटलेलं आम्ही. दिसत नव्हतास तसा, तरी म्हटलं."

"आणि गळका हंडा? तिची छाती..."

तिने माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला तुझं हसू आठवलं.

"देवजी, गळका हंडा म्हणजे गळका हंडा. तुझ्या घरातला. तुला किती सांगायची ती, नवा आण म्हणून. विहिरीपासून घरापर्यंत येईस्तोवर अर्धा मांडीवर सांडायचा. तू आणलास काय?"

मी बोललो, मी डांबर लावलं होतं. रस्त्याच्या कामावरून आणून, तापवून, खालून नीट बुजवला होता हंडा. पावसाळाभर टिकलं ते.

"पावसाळ्यात विहिरीवर जातं कोण?" मंगळी बोलली.

मी बोललो, पुढचं म्हणून दाखव, सगळं. तर नाही म्हणाली. लग्नाचं गाणं मेल्याच्या अंगणात म्हणत नाहीत, आधीच एक ओळ तोंडून गेली त्याचं तिलाच वाईट वाटत होतं. "ऐकायचं तर लग्नाला ये," असं बोलली, "आणि आत ये."

त्या दिवशी मी रमणला पकडलं. तो वायरी गुंडाळत होता. विचारलं, तुला ठाऊक होतं? तो आधी चुळबुळला. मग बोलला, हो. काशीभाईने पूर्ण गाणं म्हणून दाखवलं होतं. पुढची कडवी बीटवर बसत नव्हती म्हणून काढली.

मला वाटलं, बीटवर नाही, तुझ्या घशात बसत नसतील. मागं वळून बघ, हे तू कसं म्हणणार? वळला नव्हतास ना तू, वरात सोडून. मी असा अर्थ लावला. अर्थ लावायची मला खोडच लागली आहे. रात्रभर तुला मनात बोलत राहिलो. तिचा हंडा चोरलास, तिचा उंबरा चोरलास, पोरांना नाचायला दिलास, आणि जिथे ती हिशेब मागते तिथे कापलंस. चोर म्हटलं तुला. घे, लिहून पण ठेवतो.

मग शेजारच्या पाड्यात लग्न निघालं, माझ्या चुलत पुतणीचं. मी स्वच्छ धोतर नेसून गेलो आणि सरळ मांडवात बायांच्या मध्ये जाऊन बसलो. खुर्ची नाही घेतली. बाया एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

"बाबा, ताडी तिकडे आहे."

"ठाऊक आहे."

"मग इकडे काय?"

"ऐकायला बसलोय."

"काय ऐकायला?"

"तुम्ही काय म्हणता ते."

मंगळीच्या जोडीला आता नवी सून आहे कुणाची तरी. नवरा दारात आला, तांब्या पुढे केला, आणि दोघींनी सुरू केलं. ओढत, सावकाश. भोंगा नाही, हेय हेय नाही. मी मान खाली घालून एक एक शब्द धरत गेलो.

*उंबऱ्याशी पाणी ठेवलं, पिऊन जा, राजा,*
*देवजीचा हंडा गळका, भरून दमले, राजा.*

देवजीचा.

माझा नाही, देवजीचा. तुझ्या गाण्यात 'माझा' होतं. मूळ गाण्यात माझं नाव आहे, काशिनाथ.

*प्यालास तर प्यालास, मागं वळून बघ,*
*भरलं कुणी पाणी, नाव तरी पुस.*
*देवजीने पुसलं नाही, तू तरी पुस, राजा.*

नवऱ्यामुलाने विचारायचं, पाणी कुणी भरलं, आणि करवलीने नाव सांगायचं, मग तो प्यायचा. रीत झाली आहे ती आता. तो पोरगा कुठल्या गावचा, मला ओळखत पण नाही, त्याने लाजत लाजत विचारलं, कुणी भरलं? बाया हसायला लागल्या. नव्या सुनेला ठाऊक नव्हतं की देवजी म्हणजे हा समोर बसलेला म्हातारा. कुणीतरी कानात सांगितलं. तिने डोक्यावरून पदर ओढला आणि पदराआडून इतकी हसली की पुढची ओळ मंगळीला एकटीलाच ओढावी लागली.

म्हणजे जमनी हयात असल्यापासून आजतागायत, सगळ्या पाड्यांच्या लग्नात, माझा हंडा गळतो आहे. मी माडाखाली बसून ताडी पितोय आणि आत नव्या नव्या नवऱ्यांना सांगताहेत की देवजीसारखा होऊ नको. ती स्वतः म्हणायची, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर उभी राहून, आणि मग घरी येऊन मला जेवायला वाढायची. जेवताना कधी चेहऱ्यावर दिसलं नाही.

आता तुझ्याकडे येतो.

तू माझं नाव काढलंस. 'देवजीचा' काढून 'माझा' घातलंस, आणि ज्या कडव्यात मी परत येतो ते कडवंच कापलंस. बीट बीट सगळं खोटं. मोठ्या भावाची अब्रू स्पीकरवर नको, एवढंच होतं ते. मग मी गावोगाव अर्थ सांगत फिरलो, काश्या वहिनीच्या मयताला आला नाही त्याचा हा पश्चात्ताप आहे, बघा कसा रडतोय गाण्यात. आणि तू ते ऐकून घेतलंस. एक शब्द बोलला असतास तर माझा अर्थ जागच्या जागी मेला असता. नाही बोललास. मान खाली घालून हसलास.

मला ह्याचं काय करायचं ते कळत नाही. उपकार म्हणू तर गिळत नाही. मी तुझ्याकडे अब्रू मागायला आलो नव्हतो. मी एकच मागितलं होतं, तिच्यासाठी एकदा रड, माझ्यासमोर. ते दिलं नाहीस. जे मागितलं नाही ते दिलंस, आणि वर सांगितलंही नाहीस. हे असं देणं मला कधी आवडलं नाही. तुझ्या वहिनीचंही असंच. दोघांनी मिळून मला सांभाळलंत की माझ्यावर हसलात, हे मला आता कोण सांगणार? दोघे एकाच घरात जाऊन बसलात.

आणि एक गोष्ट. तू तिच्या मयताला का आला नाहीस, ह्याचं उत्तर ह्या गाण्यात नाही. मी बघितलं. पूर्ण गाणं ऐकून बघितलं. नाही. तुझी ती बाकी तशीच आहे, आणि मी ती सोडणार नाही.

काल रमण आला होता. तुझ्या नावाने कार्यक्रम करायचा म्हणतो, गाणं परत रेकॉर्ड करणार, कुणी नवीन पोरगा गाणार आहे. माझी परवानगी मागायला आला. मी विचारलं, कुठलं कडवं घेणार? म्हणाला, तेच, हिटवालं.

मी बोललो, सगळी घे. जमनीने बांधली तशी. आणि 'माझा' काढ, 'देवजीचा' घाल.

तो चहाचा कप हातात धरून बघतच बसला. "बाबा, लोक हसतील."

"हसू दे. बाया इतकी वर्षं हसतच होत्या, आता पुरुषांनी पण ऐकावं. आणि आधी माइकवर सांगायचं, गाणं जमनीचं आहे. काशिनाथचं नाही."

"काशीभाईला आवडलं नसतं."

"म्हणूनच सांगतोय."

त्याने बोटांनी मांडीवर ठोकून बघितलं. दोन-तीनदा ठोकलं. मग मान हलवली.

"देवजीचा बीटवर बसत नाही, बाबा."

मी बोललो, बसव.